चांदीचे जुने नाणे ग्रेडिंगला पाठवण्यापूर्वी साफ करावे का?



आजचा पाठ एका प्रश्नातून सुरू झाला. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली, त्याच आठवड्यात नववीतली एक विद्यार्थिनी मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. हातात रुमालाची पुरचुंडी. तिने ती उघडली. आत चांदीचा एक रुपया होता.

"सर, हे माझ्या पणजीचं नाणं. दरवर्षी लक्ष्मीपूजनाला ठेवतो आम्ही. बाबा म्हणतात, याचं ग्रेडिंग करून घेऊ, चांगली किंमत आली तर बघू. पण हे असं काळं-निळं झालंय ना, म्हणून शनिवारी आधी सोनाराकडून पॉलिश करून आणणार आहेत. चालेल ना?"

तो बुधवार होता. म्हणजे आमच्या हातात तीन दिवस होते.

मी लगेच 'नको' म्हणालो नाही. नुसते 'नको' घरी टिकत नाही. वडिलांनी "का नको?" विचारले की मुलगी गप्प होते आणि नाणे पॉलिशला जाते. म्हणून तिला म्हटले, उद्या तास संपल्यावर ये, आपण आधी या नाण्यावर नक्की काय आहे ते समजून घेऊ. तिच्यासोबत जे केले, तेच आज तुमच्यासोबत करतो. तुमच्याही घरी देवघरात, बटव्यात किंवा कपाटाच्या चोरखणात असे एखादे नाणे असेलच. ते हातात घ्या, पण कडेला धरा. बोटांचा घाम त्याच्या तोंडाला लागू देऊ नका.

आधी नाण्याची ओळख

तिच्या नाण्यावर पंचम जॉर्ज राजाचा मुकुटधारी चेहरा होता आणि मागे १९१८ हे साल. मागच्या बाजूला खाली कमळाचे फूल असते. त्याच्या खाली अगदी बारीक ठिपका दिसला, तर ते नाणे मुंबईच्या टांकसाळीत पाडलेले असते. ठिपका नसला तर कोलकात्याचे. तिच्या नाण्यावर ठिपका होता.

या रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे आपला जुना एक तोळा. त्यात ९१.७ टक्के चांदी आणि उरलेले मुख्यतः तांबे. गुणाकार करून बघा: एका रुपयात साधारण १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी येते. १९४० पासून रुपयातली चांदी ५० टक्क्यांवर आली आणि १९४७ ला ती पूर्ण जाऊन निकेल आले.

१९१८ या सालाला एक गोष्ट जोडलेली आहे. पहिल्या महायुद्धात चांदी महागली आणि भारतात रुपयांची मागणी मात्र वाढतच गेली. १९१७ च्या अखेरीस सरकारने एक रुपयाची कागदी नोट काढली, ती याच टंचाईमुळे. पुढच्या वर्षी अमेरिकेने पिटमन कायदा करून स्वतःचे सुमारे २७ कोटी चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यातली बहुतेक चांदी भारतातल्या नाण्यांसाठी ब्रिटनला विकली. म्हणजे त्या काळातल्या आपल्या रुपयांमध्ये अमेरिकन डॉलरची चांदीही मिसळली गेली. अशी नाणी कोट्यवधींनी पाडली गेली, त्यामुळे १९१८ चा रुपया आजही सहज मिळतो. ही गोष्ट लक्षात ठेवा. शेवटी निर्णय घेताना ती उपयोगी पडणार आहे.

चांदी काळी का पडते?

लोखंडाला गंज चढतो तो मुख्यतः हवेतल्या ऑक्सिजन आणि ओलाव्यामुळे. चांदीचे तसे नाही. चांदीला त्रास देते ते गंधक. हवेत हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू अगदी थोड्या प्रमाणात असतो. कुजलेल्या अंड्याला जो वास येतो तो याच वायूचा. तो चांदीच्या पृष्ठभागाशी संयोग पावतो आणि सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर तयार होतो. हवेत ओलावा जास्त असेल तर ही क्रिया वेगाने होते. रबरबँड, लोकरीचे कापड, काही प्रकारचे कागद आणि पुठ्ठे यांतूनही गंधकाची संयुगे निघतात. नाणे वर्षानुवर्षे अशा वस्तूंना चिकटून राहिले की जिथे स्पर्श होता तिथे आधी रंग चढतो.

इथे एक बारकावा आहे. हा थर धुळीसारखा बाहेरून येऊन बसलेला नाही. तो नाण्याच्या स्वतःच्या चांदीतून बनलेला आहे. म्हणून तो काढायचा म्हणजे नाण्याचा वरचा भागच काढायचा.

मग निळा, सोनेरी, जांभळा हे रंग कुठून येतात?

पावसाळ्यात रस्त्यावर पेट्रोल सांडले की पाण्यावर इंद्रधनुष्य दिसते. साबणाच्या फुग्यावरही दिसते. तिथे रंग कालवलेला नसतो. पातळ थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात, काही रंग एकमेकांना मारतात आणि काही उठून दिसतात. विज्ञानाच्या पुस्तकात याला प्रकाशाचे व्यतिकरण म्हणतात.

चांदीवरही हेच घडते. सल्फाइडचा थर अगदी पातळ असताना नाणे फिकट सोनेरी दिसते. थोडा जाड झाला की तांबूस, मग जांभळट, मग निळे. थर वाढतच गेला की शेवटी करडे आणि काळे. सुरुवातीच्या छटांच्या वेळी हा थर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. नाणी जमवणारे लोक या रंगांच्या झाकेला 'टोनिंग' म्हणतात. घरी आपण सरळ 'काळं पडलंय' म्हणतो.

टोनिंगला शौकीन लोक वाईट मानत नाहीत. अमेरिकेतले मॉर्गन डॉलर हजार-हजारच्या जाड कापडी पिशव्यांत वर्षानुवर्षे पडून होते. ज्या नाण्यांचे एक तोंड कापडाला लागून राहिले त्यांच्यावर इंद्रधनुष्यासारखे रंग चढले. तशी देखणी नाणी आज साध्या पांढऱ्या नाण्यापेक्षा जास्त किमतीला विकली जातात. पण प्रत्येक काळे नाणे देखणे असते असे समजू नका. ठिपक्याठिपक्यांचा, मळकट काळेपणा किंमत कमीही करतो.

चकाकी वेगळी, तेज वेगळे

हा पाठातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. इथे घाई करू नका.

टांकसाळीत चांदीची चकती दोन ठशांमध्ये ठेवून प्रचंड दाबाने ठोकली जाते. त्या क्षणी धातू मधून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य बारीक रेषा उमटतात. जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीवरच्या रेघा आठवा, तसेच काहीसे. न वापरलेले नाणे एकाच दिव्याखाली धरून हळूहळू कलते केले की प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे गोल फिरताना दिसतात. ते त्या रेषांमुळे. याला आपण नाण्याचे 'तेज' म्हणू.

'चकाकी' म्हणजे घासून आणलेला लखलखाट. ती आरशासारखी सगळीकडे एकसारखी असते. नाणे कलते केले तरी प्रकाश फिरत नाही.

तेज टांकसाळीत एकदाच येते. ते गेले की सोनार, रसायन, मशीन, कोणीही परत आणू शकत नाही. आणि गंमत अशी की टोनिंगच्या पातळ थराखाली तेज शाबूत राहू शकते. म्हणजे काळपट दिसणारे नाणे जिवंत असू शकते आणि लख्ख दिसणारे मेलेले.

हे मला पुस्तकातून कळले नाही. मी आठवीत असताना आजीने मला असेच एक नाणे दिले होते. मी ते पांढऱ्या दंतमंजनाने घासून घासून लख्ख केले. आजीसुद्धा खूश झाली. पुढे वीस-बावीस वर्षांनी नाण्यांची चांगली जाण असलेल्या एका गृहस्थांना ते दाखवले. त्यांनी दिव्याखाली धरून दोनदा फिरवले आणि शांतपणे परत माझ्या हातात ठेवले. "घासलंय," एवढेच म्हणाले. तेव्हा मी पहिल्यांदा भिंगातून बघितले. राजाच्या चेहऱ्यासमोरच्या मोकळ्या जागेत केसांइतक्या बारीक रेघांचे जाळे होते. त्या प्रत्येक रेघेवर माझाच हात फिरलेला होता. ते नाणे आजही माझ्याकडे आहे. वर्गात दाखवायला उपयोगी पडते.

ग्रेडिंग म्हणजे नेमके काय?

ग्रेडिंग म्हणजे नाण्याची परीक्षा आणि गुणपत्रिका. तज्ज्ञ आधी नाणे खरे आहे का ते पाहतात, मग त्याची अवस्था ठरवून गुण देतात. हे गुण १ ते ७० असतात. १९४९ मध्ये विल्यम शेल्डन यांनी अमेरिकेच्या जुन्या मोठ्या सेंट नाण्यांसाठी ही पद्धत मांडली, ती पुढे सगळ्या नाण्यांना लागू झाली. ६० ते ७० म्हणजे व्यवहारात न वापरलेले नाणे. त्याखाली झिजेच्या प्रमाणात गुण उतरत जातात. पीसीजीएस ही संस्था १९८६ मध्ये आणि एनजीसी १९८७ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. गुण दिलेले नाणे कडक पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत सीलबंद होऊन परत येते.

आता मुद्द्याची गोष्ट. नाणे घासलेले, पॉलिश केलेले किंवा रसायनाने बिघडवलेले आढळले तर त्याला गुण मिळत नाहीत. डबीवर 'डिटेल्स' असा शेरा येतो आणि सोबत कारण लिहिले जाते, उदाहरणार्थ 'साफ केलेले'. म्हणजे नाणे खरे आहे, नक्षीची झीज अमुक इतकी आहे, पण पृष्ठभाग मूळचा राहिलेला नाही. परीक्षेला बसलेल्या मुलाचा निकाल राखून ठेवावा, तसे.

नैसर्गिक टोनिंगसाठी मात्र असा शेरा मिळत नाही. आपण ज्याला दोष समजून काढायला निघतो तो परीक्षकांच्या लेखी दोष नसतो, आणि तो काढताना आपण जे करतो तोच दोष ठरतो. साफ केलेल्या नाण्यावर कोणी कृत्रिम रंग चढवून आणला तर तेही ओळखू येते आणि त्यालाही गुण मिळत नाहीत.

घरगुती उपाय नाण्याचे काय करतात?

दंतमंजन, राख, रांगोळी: हे सगळे खरखरीत पदार्थ आहेत. ते सल्फाइड खरवडतात आणि सोबत चांदीही. मागे रेघा राहतात.

चिंच, लिंबू: तांब्या-पितळेची भांडी चिंचेने उजळतात, कारण त्यांच्यावरचा ऑक्साइडचा थर आम्लात विरघळतो. चांदीवरचे सिल्व्हर सल्फाइड अशा सौम्य आम्लात विरघळत नाही. मग माणूस जोर लावून चोळतो. काळेपणा थोडाफार निघतो तो चोळण्याने, आणि नाण्यातल्या तांब्यावर आम्लाचा परिणाम होतो तो वेगळाच.

अॅल्युमिनियम फॉइल आणि खाण्याचा सोडा: हा प्रयोग आपण प्रयोगशाळेत करतो. गरम पाण्यात सोडा घालून फॉइलवर चांदी ठेवली की गंधक अॅल्युमिनियमकडे जाते आणि सल्फाइडची पुन्हा चांदी होते. चमचा, निरांजन, ताटली यांना हा उपाय छान. पण परत आलेली ही चांदी आधीच्या जागी आधीसारखी बसत नाही. ती सूक्ष्म, सच्छिद्र, निस्तेज थरासारखी राहते. जेवायच्या चमच्याला त्याने काही फरक पडत नाही, नाण्याला पडतो.

बाजारातले 'डिप': नाणे बुडवताच पांढरे होते. यात बहुधा थायोयुरिया आणि आम्ल असते. ते सल्फाइड विरघळवते, म्हणजे त्यात अडकलेली चांदीही घेऊन जाते. अनुभवी माणसाने काही सेकंदांपुरते वापरले तर नाणे निभावते. वेळ चुकली किंवा पुन्हा पुन्हा बुडवले की तेजाच्या रेषाच विरघळतात आणि नाणे चुनखडीसारखे पांढरे, मृत दिसते. शिवाय टोनिंगखाली काय दडले आहे ते आधी कळत नाही. तिथे पन्नास वर्षांपूर्वी कोणी घासल्याच्या रेघा असतील तर रंग जाताच त्या उघड्या पडतात.

सोनाराचे पॉलिश: फिरत्या चाकावर नाणे धरले की दाढीचे केस, मुकुटावरची नक्षी, अक्षरांच्या कडा सगळेच गुळगुळीत होते. दागिन्याला हे हवेच असते. सोनाराची यात काही चूक नाही. आपण त्याच्याकडे नाणे दागिना म्हणून नेतो.

म्हणजे नाण्याला कधीच हात लावायचा नाही का?

असे नाही. "नाणे कधीही साफ करू नका" हा नियम सोपा आहे, पण अर्धवट आहे. नाण्यावर दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात:

१. नाण्याच्या धातूतूनच बनलेला थर, म्हणजे टोनिंग.
२. बाहेरून येऊन बसलेले परके पदार्थ: तेल, तूप, मेण, हळद-कुंकू, धूळ, चिकटपट्टीचा डिंक, प्लास्टिकचा चिकट हिरवा अंश.

पहिल्याला हात लावायचा नाही. दुसरे मात्र काढता येते, आणि काही वेळा काढलेच पाहिजे. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटात नाणे वर्षानुवर्षे राहिले तर त्यावर हिरवट चिकट थर येतो. त्यातून निघणारे आम्ल धातूला खात राहते. तो तसाच ठेवणे म्हणजे नुकसान चालू ठेवणे.

पण काढायचे कसे? घासून नाही, विरघळवून. आधी डिस्टिल्ड वॉटर. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते आणि क्षारांचे डाग पडतात. काचेच्या वाटीत नाणे काही तास बुडवून ठेवायचे, पाणी बदलायचे. तेलकट किंवा प्लास्टिकचा अंश असेल तर शुद्ध अॅसिटोन. अॅसिटोन तेल, डिंक, पीव्हीसी विरघळवते, पण चांदीशी किंवा सिल्व्हर सल्फाइडशी त्याची क्रिया होत नाही, म्हणून टोनिंग जागेवर राहते. नखांचे रंग काढायचे द्रव चालत नाही. त्यात सुगंध आणि तेल असते.

सावधान: अॅसिटोन झटकन पेट घेते. हे काम मोठ्या माणसांनीच, उघड्या हवेत, गॅस-निरांजन-उदबत्तीपासून लांब करायचे. भांडे काचेचेच हवे. शेवटी ताज्या अॅसिटोनमध्ये एकदा बुडवून नाणे काढायचे आणि हवेवर वाळू द्यायचे. पुसायचे नाही. मऊ कापडानेही नाही.

निर्णय कसा घ्यायचा? पाच प्रश्न

१. ग्रेडिंगची गरज आहे का? आधी फी, येण्याजाण्याचा खर्च आणि तशाच नाण्याला मिळणारी किंमत कागदावर मांडा. सहज मिळणाऱ्या, झिजलेल्या नाण्याची किंमत फीपेक्षा कमी भरू शकते. आणखी एक गोष्ट: १९७२ च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. तेव्हा परदेशी पार्सल करायचा विचार आधीच सोडा, देशातल्या देशात काय सोय आहे ते बघा.

२. नाण्याला आधीच इजा झाली आहे का? आपल्याकडे रुपयाला कडी लावून गळ्यात घालायची पद्धत होती. कडेला डाख लावल्याची खूण, भोक किंवा जुन्या घासल्याच्या रेघा असतील तर 'डिटेल्स' शेराच येणार. साफ केल्याने तो टळत नाही.

३. वर काही परके बसले आहे का? असेल तर फक्त पाणी आणि अॅसिटोन, वर सांगितले तसे.

४. रंगाखाली तेज फिरते का? फिरत असेल तर थांबा. हात लावू नका.

५. काळेपणा दाट आणि खडबडीत आहे का? थर इतका जाड असेल तर खाली धातू खाल्ला गेलेला असू शकतो. साफ केल्यावर खड्डे उघडे पडतात. नाणे खरोखर दुर्मीळ असेल तर संवर्धन करणाऱ्या जाणकाराला दाखवा. मोठ्या ग्रेडिंग संस्थांकडेही संवर्धनाची वेगळी सेवा असते. दुर्मीळ नसेल तर आहे तसेच राहू द्या.

आणि पाचही प्रश्नांनंतर शंका उरली तर काहीच करू नका. न साफ केलेले नाणे उद्याही साफ करता येते. साफ केलेले नाणे पुन्हा पूर्वीसारखे करता येत नाही.

तिच्या नाण्याचे काय झाले?

गुरुवारी आम्ही भिंग आणि टेबललॅम्प घेऊन बसलो. आधी मी माझे घासलेले नाणे तिच्या हातात दिले आणि कलते करायला सांगितले. मग तिचे नाणे दिले.

"सर, माझ्या नाण्यात उजेड फिरतोय. तुमच्या नाण्यात नुसताच चमकतोय."

मला एवढेच तिच्याकडून ऐकायचे होते.

कडेने सोनेरी, त्याच्या आत तांबूस आणि मग निळसर अशी झाक होती. अक्षरांच्या खाचांत जो काळपटपणा दिसत होता तो निम्म्याहून अधिक कुंकू आणि तेल होते. दरवर्षीच्या पूजेचे साचलेले. राजाच्या दाढीवर आणि मुकुटाच्या उंच भागांवर किंचित झीज होती, म्हणजे नाणे थोडे वापरात फिरलेले होते. कडीची खूण नव्हती.

शुक्रवारी संध्याकाळी तिचे वडील स्वतः आले. मुलीनेच त्यांना दोन्ही नाणी दिव्याखाली धरून दाखवली. मी फारसे बोललो नाही. त्यांनी घरच्या गच्चीवर आधी डिस्टिल्ड वॉटर आणि मग अॅसिटोन वापरून कुंकू आणि तेल काढले. रंगांची झाक होती तशीच राहिली, उलट स्वच्छ दिसू लागली. मग त्यांनी फी आणि १९१८ च्या रुपयाचे चालू भाव मांडून बघितले आणि सध्या ग्रेडिंग नको असे ठरवले. "पुढे कधी वाटलं तर पाठवू. नाणं कुठे पळून जातंय?" असे म्हणाले.

हे त्यांना म्हणता आले, कारण शनिवारी ते सोनाराकडे गेले नाहीत.

आता लक्ष्मीपूजनाला ते नाणे पारदर्शक डबीत बसते आणि हळद-कुंकू डबीला वाहतात. पणजीच्या नाण्याची पूजा चुकत नाही आणि नाण्याला तेलही लागत नाही.

नाणे ठेवायचे कसे?

• कडक अॅक्रिलिकची डबी किंवा माइलरचे पाकीट वापरा. मऊ पीव्हीसीचे नको.
• रबरबँड, लोकर, वर्तमानपत्र, पुठ्ठ्याचा खोका यांपासून लांब ठेवा.
• डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि पावसाळ्यात बदला. कोकणात आणि मुंबईत हे विशेष गरजेचे.
• नाणे नेहमी कडेला धरा, खाली मऊ कापड अंथरा. हातातून निसटले तरी इजा होणार नाही.

स्वाध्याय

१. चांदी काळी पडण्यास मुख्यतः कोणते मूलद्रव्य कारणीभूत असते? ते घरातल्या कोणकोणत्या वस्तूंतून येते?
२. 'चकाकी' आणि 'तेज' यांतला फरक स्वतःच्या शब्दांत लिहा. बँकेतून आलेले कोरे करकरीत नाणे आणि जुने वापरलेले नाणे एकाच दिव्याखाली कलते करून काय दिसले ते नोंदवा.
३. फॉइल आणि सोड्याचा प्रयोग चांदीच्या चमच्यासाठी योग्य आणि नाण्यासाठी अयोग्य का?
४. ११.६६ ग्रॅम वजनाच्या, ५० टक्के चांदी असलेल्या रुपयात किती ग्रॅम चांदी असेल? १९१८ च्या रुपयाशी तुलना करा.
५. घरातल्या मोठ्यांना विचारा: आपल्याकडची जुनी नाणी कोणी, कधी, कशाने साफ केली होती? उत्तर वहीत लिहा. रागावू मात्र नका. त्यांनी ते प्रेमानेच केलेले असते.

पुन्हा भेटू पुढच्या पाठात. तोपर्यंत या दिवाळीला घासायला काढलेल्या चांदीच्या वस्तूंमध्ये एखादे नाणे असेल, तर ते तेवढे बाजूला काढून ठेवा.